हनी, खरं खरं सांग!

*बाटलीवर लिहिलंय ‘शंभर टक्के शुद्ध’. पण ते ठरवतं कोण? आणि शुद्ध असला म्हणजे तो आपल्या तब्येतीला चांगलाच, असं असतं का? टेस्टिंग लॅबपासून महाबळेश्वरच्या मधपेट्यांपर्यंत केलेली ही मधाची शोधाशोध...*

सकाळी सहाचा अलार्म. तो दोनदा बंद करून साडेसहाला उठायचं. मग किचनमध्ये जाऊन कोमट पाणी, अर्धं लिंबू आणि एक चमचा मध. ते घटाघटा प्यायचं आणि ‘चला, आजचा हेल्थचा कोटा पूर्ण’ म्हणत कंपनीची बस गाठायची... ओळखीचं वाटतंय ना? आपल्यापैकी कित्येकांच्या फिटनेसची सुरुवात याच ग्लासने होते. आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा शेवटही तिथेच होतो!

या लेखाच्या निमित्ताने मी आमच्या अख्ख्या ग्रुपला एकच प्रश्न विचारत फिरले. ‘तू घेतोस तो मध शुद्ध आहे हे तुला कसं कळतं?’ उत्तरं एकसे एक होती. एकजण पाण्याच्या ग्लासात थेंब टाकून बघतो. एकीची आई कापसाची वात मधात बुडवून पेटवते. एकाच्या गावी वाटीभर मध कुत्र्यापुढे ठेवतात. कुत्र्याने तोंड लावलं नाही तर माल अस्सल! फायनान्समधल्या मित्राचं उत्तर मात्र सगळ्यात प्रामाणिक होतं. ‘महाग होता, म्हणजे शुद्धच असणार.’

ग्लास, वात आणि कुत्रा

ज्युनिअर कॉलेजमधली माझी एक मैत्रीण आता फूड टेस्टिंग लॅबमध्ये केमिस्ट आहे. तिला या सगळ्या टेस्ट ऐकवल्या तर ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, ‘अगं, यातल्या एकाही टेस्टने भेसळ कळत नाही. कळतो तो फक्त घट्टपणा.’

तिचं म्हणणं साधं आहे. साखरेचा घट्ट पाक ग्लासात टाकला तरी तो सरळ तळाशी जाऊन बसतो. उलट जंगलातला, जरा पातळ मध पाण्यात लगेच पसरतो. म्हणजे खरा नापास आणि खोटा पास! वातीचंही तेच. पाणी कमी असेल तर ती पेटते, जास्त असेल तर तडतडते. आत कुठली साखर आहे हे त्या वातीला बिचारीला काय कळणार? आणि कुत्र्याच्या आवडीनिवडीवर काय बोलायचं!

आणखी एक गैरसमज म्हणजे गोठलेला मध. फ्रिजमध्ये ठेवला, तळाशी रवाळ थर दिसला, की आपण दुकानदाराच्या नावाने शंख करतो. ‘साखर घातलीय!’ खरं तर मधात प्रामुख्याने फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या दोन साखरा असतात. त्यातलं ग्लुकोज थंडीत स्फटिक बनून वेगळं होतं. ज्या फुलांच्या मधात ग्लुकोज जास्त, तो लवकर गोठतो. मोहरीचा मध तर काही आठवड्यांतच तुपासारखा थिजतो. त्यामुळे मध गोठला म्हणून तो भेसळीचा ठरत नाही. आणि गोठला नाही म्हणून शुद्धही ठरत नाही.

मग लॅबवाले नेमकं बघतात काय? इथून खरी डिटेक्टिव्ह स्टोरी सुरू होते.

भाकरी आणि पोळीतला फरक

मधात भेसळ करायची तर सर्वात सोपी आणि स्वस्त गोष्ट म्हणजे साखर. आपल्याकडे उसाची, अमेरिकेत मक्याच्या सिरपची. पण मधही साखर आणि भेसळही साखर. मग चोर ओळखायचा कसा?

१९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी शास्त्रज्ञांनी यावर एक झकास तोडगा काढला. हवेतल्या कार्बनचे दोन भाऊ असतात. नेहमीचा कार्बन-१२ आणि त्याचा किंचित जड भाऊ कार्बन-१३. झाडं हवेतून कार्बन घेतात, पण सगळी झाडं सारख्या पद्धतीने घेत नाहीत. ऊस, मका, ज्वारी, बाजरी ही ‘सी-४’ गटातली मंडळी. ती जड भावालाही बऱ्यापैकी घरात घेतात. गहू, तांदूळ, बीट आणि मधमाशा ज्यांच्यावर जातात ती बहुतेक फुलझाडं ‘सी-३’ गटातली. ती जड भावाला शक्यतो बाहेरच ठेवतात. थोडक्यात, भाकरी आणि पोळी यांच्यातला फरक नुसता चवीचा नाही, तो अणूपर्यंत जातो! माणसाच्या केसावरून तो कुठल्या गटातलं धान्य जास्त खातो याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात, तो याच हिशेबावर.

आता मधात उसाची साखर मिसळली की कार्बन-१३चं प्रमाण वाढतं आणि मशीन ते पकडतं. पुढे या टेस्टला आणखी धार आली. मधात चिमूटभर प्रथिनंही असतात आणि ती साखरेच्या पाकातून येत नाहीत. त्यामुळे त्याच बाटलीतल्या प्रथिनांचा कार्बन आणि साखरेचा कार्बन शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायचा. दोघांचा हिशेब जुळला नाही, तर साखर बाहेरून आलीय!

सगळं छान चाललं होतं. पण चोरही काही कमी नव्हते. त्यांनी ऊस आणि मका सोडून तांदूळ आणि बीटचा पाक धरला. दोन्ही सी-३! कार्बनच्या टेस्टमध्ये हा पाक मधाचा सख्खा भाऊच दिसतो. मग शास्त्रज्ञांनी तांदळाच्या सिरपच्या खुणा शोधणाऱ्या वेगळ्या टेस्ट आणल्या. त्यावर त्या खुणाच पुसून टाकलेले सिरप आले. टॉम अँड जेरीच म्हणा ना. फक्त इथे चीज आपल्या नाश्त्याच्या प्लेटमध्ये असतं.

२०२०चा तो बॉम्ब

डिसेंबर २०२०. कोरोनाचा काळ. काढे, हळदीचं दूध आणि इम्युनिटीच्या नावाखाली घरोघरी मध चाटणं जोरात होतं. त्याच महिन्यात दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ म्हणजे सीएसई या संस्थेने बॉम्ब टाकला. हीच ती संस्था, जिने २००३मध्ये कोल्ड्रिंकमधल्या कीटकनाशकांवरून देशभर खळबळ उडवली होती.

सीएसईला शंका आली ती एका विचित्र गोष्टीमुळे. मधाचा खप वाढत होता, तरी उत्तर भारतातले मधमाशीपालक मात्र रडकुंडीला आले होते. त्यांच्या मधाला भावच मिळत नव्हता. मागणी वाढली आणि भाव पडला? इकॉनॉमिक्सच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे पटणार नाही.

मग संस्थेने १३ ब्रँडचे नमुने गोळा केले. ते आधी गुजरातेत, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या लॅबमध्ये तपासले. बहुतेक सगळे मोठे ब्रँड पास! नंतर तेच जर्मनीतल्या लॅबमध्ये ‘एनएमआर’ चाचणीसाठी पाठवले. तिथे १३ पैकी १० ब्रँड नापास झाले. सगळ्या टेस्टचा निकाल एकत्र मांडला तेव्हा २२ नमुन्यांपैकी फक्त ५ नमुने पूर्णपणे पास होते.

यातला सर्वात धक्कादायक भाग वेगळाच होता. सीएसईच्या लोकांनी ग्राहक बनून ‘टेस्टमध्ये न सापडणारं’ सिरप मिळवलं. ते शुद्ध मधात मिसळलं आणि नमुने भारतातल्या नियमांनुसार तपासायला दिले. अर्धं सिरप घातलेला मधसुद्धा पास झाला. अर्धं!

मोठ्या कंपन्यांनी आरोप साफ फेटाळले. आमचा मध भारतातल्या सगळ्या निकषांत बसतो, असं त्यांचं म्हणणं. आणि गंमत बघा, दोन्ही बाजूंचं बोलणं एकाच वेळी खरं असू शकतं. परीक्षेत पास होणं आणि विषय येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार?

एनएमआर म्हणजे न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स. हॉस्पिटलमधल्या एमआरआयची ही थोरली बहीण. शक्तिशाली चुंबकाच्या मदतीने ही टेस्ट मधातल्या अनेक घटकांचा एकत्रित आलेख काढते. हाताच्या ठशासारखा. मग तो ठसा खऱ्या मधांच्या साठवलेल्या ठशांशी ताडून बघायचा. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या मधासाठी १ ऑगस्ट २०२० पासून ही टेस्ट बंधनकारक झाली होती. त्या वेळी देशातल्या बाजारासाठी मात्र तशी सक्ती नव्हती. म्हणजे अमेरिकनांच्या टोस्टसाठी एक परीक्षा आणि आपल्या लिंबूपाण्यासाठी दुसरी!

अर्थात एनएमआर हीसुद्धा काही देववाणी नाही. माझी केमिस्ट मैत्रीण सांगते, ‘ठसा जुळवायचा तर आधी तो रेकॉर्डला असायला हवा ना? आपल्या जंगलातल्या फुलांच्या मधाचे पुरेसे नमुनेच डेटाबेसमध्ये नसतील, तर खरा मधही संशयित वाटू शकतो.’

हा फक्त आपला प्रॉब्लेम आहे असंही नाही. युरोपियन युनियनने बाहेरून येणाऱ्या मधाचे ३२० नमुने तपासले आणि २०२३मध्ये निकाल जाहीर केला. त्यातले ४६ टक्के भेसळीचे असल्याचा संशय होता. आणि २०२५मध्ये कोपनहेगनला झालेल्या मधमाशीपालकांच्या जागतिक संमेलनात सर्वोत्तम मधाचं बक्षीसच ठेवलं नव्हतं. कारण आलेला मध खरा आहे याची खात्री पुरेशी करता येत नाही, असं आयोजकांनी आधीच कळवलं होतं. मधाच्या वर्ल्ड कपमध्ये मधच बाद!

‘आमच्या माशीनं काय कॉर्नफ्लोअर घालायचं?’

या भांडणात सर्वात जास्त मार कुणाला बसतो हे बघायचं तर महाबळेश्वरच्या डोंगरात जावं लागतं. तिथल्या मांघर गावाला मे २०२२मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर करण्यात आलं. या भागात पिढ्यान्‌पिढ्या मधपेट्या सांभाळणारी कुटुंबं आहेत. इथली माशी म्हणजे सातेरी. चणीने लहान, स्वभावाने गरीब आणि झाडाच्या ढोलीत किंवा अंधाऱ्या पेटीत एकाशेजारी एक पोळी बांधणारी. कड्यांवर, उंच झाडांवर लोंबणारी भली मोठी पोळी असतात ती आग्या माशीची. तिच्या वाटेला न गेलेलंच बरं!

महाबळेश्वर तालुक्यातले एक काका मला त्यांच्या पेट्या दाखवत होते. एका मधमाशीच्या आख्ख्या आयुष्याची कमाई म्हणजे चहाच्या चमच्याचा साधारण बारावा भाग. हे ऐकल्यावर माझ्या रोजच्या चमच्याकडे बघण्याची नजरच बदलली. म्हणजे रोज सकाळी बारा माश्यांचा जन्म मी लिंबू पिळून संपवतेय!

काकांची तक्रार भेसळ करणाऱ्यांबद्दल कमी आणि आपल्याबद्दल जास्त होती. ‘ताई, पुण्यामुंबईची मंडळी बाटली उलटी करून बघतात. मध भरभर खाली आला की म्हणतात, पाणी घातलंय. आता आमचा मध असतोच जरा पातळ. आमच्या माशीनं काय कॉर्नफ्लोअर घालायचं त्यात?’

चवीचंही तसंच. जांभळाचा मध किंचित तुरट-कडवट लागतो. हिरड्याचा वेगळा. कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. त्या वर्षीचा मध म्हणजे लिमिटेड एडिशनच! पण सुपरमार्केटच्या बाटलीने आपल्या जिभेला एकच चव शिकवलीय. बारा महिने सारखा रंग, सारखा घट्टपणा, सारखी गोडी. त्यामुळे खरा मध समोर आला की तोच आपल्याला खोटा वाटतो. भेसळीचं यश यातच आहे. ती नुसती बाटलीत होत नाही, ती आपल्या जिभेवर होते.

काकांना मदत करू शकेल असं शास्त्र आपल्या पुण्यातच आहे. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था इथे १९६२पासून आहे. मधात फुलांचे परागकण असतात आणि प्रत्येक फुलाच्या परागकणाचा आकार वेगळा. कुणी काटेरी, कुणी गुळगुळीत, कुणी त्रिकोणी. मायक्रोस्कोपखाली बघितलं की माशी कुठल्या झाडावर गेली होती याचा पत्ताच मिळतो. जांभूळ म्हणून विकलेल्या मधात जांभळाचे परागकणच नसतील तर काय समजायचं ते समजा! आता परदेशात याच्या पुढचं काम सुरू आहे. ब्रिटनच्या क्रॅनफिल्ड युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी मधातल्या डीएनएवरून तांदूळ आणि बीटच्या सिरपचा माग काढून दाखवलाय. बाटली न उघडता, नुसत्या प्रकाशाने भेसळ ओळखायचं तंत्रही तिथे तपासलं गेलंय. टॉम पुन्हा जेरीच्या मागे...

शुद्ध आहे. पण बाळाला नको!

इथवर आल्यावर वाटतं, शुद्ध मध मिळाला की प्रश्न मिटला. पण नाही! माझ्या मावसबहिणीला मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. आजी सोन्याची अंगठी आणि मधाची बाटली घेऊन तयार. आपल्याकडे बाळाला मध-सोनं चाटवायची पद्धत जुनीच. आजीने मध खास गावाहून मागवला होता, डोळ्यांदेखत पोळ्यातून काढलेला. बालरोगतज्ज्ञांनी मात्र ठाम नकार दिला. ‘वर्षाचं होईपर्यंत मध अजिबात नाही. चाटणही नाही.’ घरात वातावरण एकदम तंग! ‘माझी चार पोरं मधावरच वाढली,’ आजी म्हणाली.

डॉक्टरांचं कारण ऐकण्यासारखं आहे. माती-धुळीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते मधात येऊ शकतात आणि तिथे झोपून राहतात. मोठ्यांच्या पोटात गेले तरी सहसा काही होत नाही, कारण आपल्या आतड्यातले चांगले जंतू त्यांना डोकं वर काढू देत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाकडे ही फौज अजून तयार नसते. तिथे बीजाणू रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला बद्धकोष्ठता होते, रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही, मान आणि अंग लुळं पडतं. श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेलं तर जिवावर बेतू शकतं. बाळांमधला हा आजार वैद्यकशास्त्राने ओळखला तोच १९७६मध्ये, अमेरिकेत. म्हणजे आपल्या आज्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आजार दुर्मिळ आहे हे खरं. आजीची चार मुलं ठणठणीत आहेत हेही खरं. पण कुठल्या बाटलीत बीजाणू आहेत हे ना चवीने कळतं, ना घरी उकळून ते मरतात. आणि मध जंगलातला, अस्सल, डोळ्यांदेखत काढलेला असला म्हणून धोका टळत नाही. शेवटी आजीने बाटली कपाटात ठेवली आणि अंगठी बाळाच्या कपाळाला नुसती टेकवली. रीतही झाली, भांडणही मिटलं. मध पहिल्या वाढदिवसानंतर!

आणि आपलं लिंबूपाणी?

आता आपल्याकडे वळू. मध म्हणजे ‘नॅचरल’, म्हणून तो मोजायचा नाही असा आपला गोड समज. जागतिक आरोग्य संघटना मात्र मधातली साखर, पांढरी साखर आणि फळांच्या रसातली साखर एकाच रांगेत उभी करते. दिवसभराच्या एकूण कॅलरींपैकी दहा टक्क्यांपेक्षा कमी वाटा या साखरांचा असावा, जमलं तर पाचच टक्के, असं तिचं म्हणणं. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. मोठा चमचाभर मधात १७ ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे ऑफिसचा पहिला चहा व्हायच्या आतच निम्म्याहून जास्त कोटा संपला!

हे ऐकून खांदे उडवू नका. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी तो उंबरठा जरा जपूनच बघावा.

मग मधाचं काहीच चांगलं नाही का? आहे ना! ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२०मध्ये १४ अभ्यास एकत्र करून बघितले. सर्दी-खोकल्यात, विशेषतः खोकला कमी करायला, मध नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला. म्हणजे आलं-मधाचं चाटण देणारी आई इथे सपशेल जिंकली. पण गंमत बघा, हा फायदा मधाचा आहे. तांदळाच्या सिरपने तसं होईल असं कुणी सिद्ध केलेलं नाही. खोकल्यासाठी म्हणून बाटली आणायची आणि आत निम्मा पाक निघायचा, ही फसवणूक नुसती खिशाची नाही, औषधाची आहे.

मी स्वतः काय केलं? सकाळच्या ग्लासातला मध बंद केला, लिंबू चालू ठेवलं. आणि वर्षाला दोनच बाटल्या, पण काकांच्याकडून. आता बाटली उलटी केली की मध भरभर खाली येतो. मला त्यात हल्ली काही वावगं वाटत नाही.

चौकट : बाटली उचलण्याआधी...

* एक वर्षाखालच्या बाळाला मध कुठल्याही रूपात देऊ नका. शुद्ध असला तरी नाही.
* घरगुती टेस्टवर विश्वास ठेवून कुणाला चोर ठरवू नका आणि कुणाला सर्टिफिकेटही देऊ नका.
* गोठलेला मध फेकू नका. बाटली कोमट पाण्यात ठेवा, तो पुन्हा सैल होतो. थेट गॅसवर तापवू नका.
* लेबलवर एफएसएसएआयचा लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि पत्ता आहे ना बघा. एनएमआर टेस्टचा दावा असेल तर त्या बॅचचा रिपोर्ट कंपनीकडे मागा.
* मध कुठल्या फुलांचा, कुठल्या भागातला, कुठल्या हंगामातला हे विचारा. खऱ्या मधपाळाला हा प्रश्न आवडतो.
* डायबेटिस असेल तर ‘नॅचरल आहे’ म्हणून सूट घेऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा.